मराठी फाइल मोबाईलवर उघडते, पण वाचता का येत नाही?

व्हॉट्सॲपवर आलेली मराठी वर्ड फाइल उघडली आणि दिसली नुसती रोमन अक्षरं अन् चिन्हं. अशी फाइल बहुतेक वेळा बिघडलेली नसते. आमच्या नागपुरात बर्डीवरच्या डीटीपीवाल्यांकडे आजही श्री-लिपी, कृतिदेव असे जुने फॉन्ट चालतात. त्यांत फाइलमध्ये साठतात वेगळेच कोड. फॉन्ट फक्त त्यांवर देवनागरी आकार चढवतो. तो फॉन्ट तुमच्या फोनमध्ये नाही, म्हणून हा गोंधळ.

पीडीएफमध्ये फॉन्ट फाइलच्या आतच बसवता येतो. १९९३ मध्ये अडोबीने आणलेला हा फॉरमॅट २००८ पासून आयएसओ मानक आहे, त्यामुळे रीडर कोणीही बनवू शकतं. साधा फायरफॉक्सही पीडीएफ उघडतो, पैसे देऊन ॲप घ्यायची गरजच नाही.

पण एक गोची आहे. जुन्या फॉन्टमधून बनलेली पीडीएफ छान दिसते, सर्च मात्र नीट चालत नाही. प्रवेश किंवा शिष्यवृत्तीच्या यादीत नाव सर्च केलं आणि सापडलं नाही, तर लगेच नाव नाही असं धरू नका. पानं डोळ्यांनी बघा.

फाइलमध्ये बदल करायचे असतील तर ओडीटी, हेही २००६ पासून आयएसओ मानक. कॉम्प्युटरवर लिब्रेऑफिस, मोबाईलवर कोलॅबोरा ऑफिस. दोन्ही फुकट, वर्डच्या फाइलीही उघडतात. जुना फॉन्ट मात्र तीही युनिकोडमध्ये बदलून देत नाहीत. त्यासाठी वेगळा कन्व्हर्टर लागतो, आणि नंतर रफार-जोडाक्षरं तपासावीच लागतात. त्यापेक्षा टाइप करायला देतानाच सांगा: ‘दादा, युनिकोडमध्ये करा, मंगल फॉन्ट चालेल.’