यंत्राचा पहिला शब्द

वाचकहो, संगणक सुरू केला, पंखा घरघरू लागला, पण पडदा काळाच राहिला, तर काय समजायचे? यंत्र मेले, की जिवंत असून बोलू शकत नाही? कर्नल, म्हणजे संगणकाचा सारा कारभार पाहणारा मूळ प्रोग्राम, लिहिणाऱ्यांपुढे हे कोडे नेहमीच उभे राहते. पडद्यावर अक्षर उमटायचे तर आधी स्मृतीची वाटणी आणि यंत्रभागांची ओळख व्हावी लागते. त्यापूर्वीच गाडी अडली, तर तक्रार करायची कशी?

याचे उत्तर एका जुन्या तारेत सापडले. १९६० साली अमेरिकेत आरएस-२३२ हे मानक ठरले. एका तारेवरून एकामागून एक बिट पाठवायचे, एवढीच त्यातली कल्पना. १९६३ साली टेलिटाइपचे मॉडेल ३३ आले. ते सेकंदाला दहा अक्षरे छापी. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत युनिक्सचा जन्म झाला, तेव्हा यंत्राशी बोलायचे साधन टेलिटाइपच होते. ती यंत्रे गेली, पण ‘टीटीवाय’ हे त्यांचे आखूड नाव लिनक्सने आजही जपले आहे, बरं का!

१९८१ च्या आयबीएम पीसीत सिरियल पोर्टसाठी ८२५० ही चिप वापरली. तिचे घड्याळ सेकंदाला १८,४३,२०० ठोके देई. त्याला सोळाने भागले की १,१५,२०० हा सर्वांत मोठा वेग मिळतो. अक्षर पाठवण्याची रीत तर अगदी साधी. चिपची स्थिती सांगणारा बिट पाहत राहायचे. जागा रिकामी झाली की पुढचे अक्षर टाकायचे. इंटरप्ट नको, स्मृतीचे वाटप नको. नुकत्याच जाग्या झालेल्या कर्नलला एवढे नक्की जमते.

१९९१ साली लायनस टोरवाल्ड्सने लिनक्स लिहायला घेतले. या कर्नलचे निरोप आधी स्मृतीत साठतात आणि कन्सोल तयार झाला की सारे एकदम बाहेर पडतात. पण कन्सोलआधीच कर्नल कोसळला तर? शेवटचा निरोप लिहिलेला असतो, पण वाचायला कुणालाच मिळत नाही. म्हणून ‘अर्लीप्रिंटके’ आणि पुढे ‘अर्लीकॉन’ या सोयी आल्या. खरा कन्सोल आला, की हा तात्पुरता कन्सोल बाजूला होतो. नाहीतर प्रत्येक ओळ दोनदा उमटेल.

पीसीवर पहिल्या पोर्टचा पत्ता ठरलेला, म्हणून तिथे काम सोपे. एआरएम जातीच्या यंत्रांत मात्र प्रत्येक चिपचा पत्ता निराळा. तो ‘डिव्हाइस ट्री’ नावाच्या वर्णनातून किंवा सुरुवातीच्या आज्ञेतून सांगावा लागतो. मग त्या पत्त्याची तात्पुरती नोंद कर्नलच्या स्मृतिनकाशात करायची. पत्ता चुकला, तर कर्नल तोंड उघडता उघडताच कोसळू शकतो! शिवाय वेगही बेताचाच. एका अक्षराला दहा बिट धरले तर सेकंदाला ११,५२० अक्षरे, आणि तेवढा वेळ प्रोसेसर नुसता ताटकळत उभा.

तरीही नवे यंत्र प्रथम उठवताना जाणकार आधी ही तारच जोडतात. पडदा, जाळे, सारा थाटमाट मागाहून. दुखणे कुठे आहे ते रोग्याने स्वतः सांगितले, तर वैद्याचे निम्मे काम होते. यंत्राच्या बाबतीतही तसेच नाही का?