शवागारातून प्रसूतिगृहात
रोग्याच्या मृत्यूनंतर देह उघडून रोगाचे मूळ पाहावे, हा पाठ व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात विद्यार्थ्यांकडून कसोशीने गिरवून घेतला जाई. रोकिटान्स्कींसारखा विकृतिशास्त्रज्ञ गुरू होता; उत्साहास काय उणे! शवविच्छेदन आटोपून विद्यार्थी प्रसूतिकक्षात जात. हात साबणाने धूत, तरी शवाचा दर्प मागे राहीच.

प्रसूतीचे कक्ष दोन होते. पहिल्यात हे विद्यार्थी शिकत. दुसऱ्यात शिकाऊ सुइणी, ज्यांचा शवागाराशी संबंध नसे. १८४६ साली पहिल्यात शेकडा ११ हून अधिक बाळंतिणी दगावल्या, दुसऱ्यात ३ हूनही कमी. पहिला कक्ष नको म्हणून बायका गुडघे टेकून विनवीत. गोरगरिबांस जे उमगले, ते पंडितांस उमगेना.

मार्च १८४७ मध्ये शवविच्छेदनाच्या वेळी प्राध्यापक कोलेच्का यांच्या बोटास विद्यार्थ्याची सुरी लागली व त्यातच त्यांचा अंत झाला. त्यांच्या देहातील विकृती बाळंतिणींच्या देहांत आढळणाऱ्या विकृतींसारख्याच निघाल्या. त्यांचे मित्र सेमेलव्हाइस यांस त्यावरून उलगडा झाला. मे महिन्यात त्यांनी क्लोरीनच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले; एप्रिलमधील शेकडा १८ मृत्यू जूनमध्ये सुमारे २ वर आले.

शवविच्छेदनात सेमेलव्हाइस यांच्याइतका तत्पर क्वचितच कोणी असेल. आपल्या हातूनही बळी गेले, ही कबुली त्यांनी १८६१ च्या ग्रंथात दिली आहे.