माइनक्राफ्ट सर्व्हर, चाहत्यांचे : कार्यक्षमता व खेळाडू-मर्यादा

माइनक्राफ्ट या मूळच्या स्वीडिश संगणकीय खेळाचे, खेळाडूंनी स्वतः घरच्या किंवा भाड्याच्या यंत्रावर चालवलेले सर्व्हर. मोजांग ही निर्माती कंपनी सर्व्हरचे सॉफ्टवेअर मोफत देते. त्यामुळे एका वेळी किती जण खेळू शकतील, हे ठरवण्याचा भार सर्व्हर चालवणाऱ्यावर, म्हणजे बहुधा एखाद्या हौशी माणसावर पडतो. प्रस्तुत नोंद मुख्यतः जावा आवृत्तीविषयी आहे.

टिक : सर्व्हरच्या सेटिंगच्या फाइलीत कमाल खेळाडूंचा आकडा असतो, तो मुळात २० असतो. तो २,००० केला तरी सर्व्हर विनातक्रार सुरू होतो, कारण त्या आकड्याने फक्त प्रवेश अडतो. क्षमता ठरते ती टिकवर. खेळातले जग सेकंदाला २० वेळा पुढे सरकते, म्हणजे एका टिकला ५० मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात खेळाडूंच्या हालचाली तपासायच्या, मॉबना (खेळातल्या प्राण्यांना व राक्षसांना) वाट शोधून द्यायची, रेडस्टोन या विजेसारख्या द्रव्याची मंडले, वाहते पाणी, वाढती पिके, भट्ट्या, हॉपर असे सगळे आटपायचे. आणि यातले बहुतेक काम एकाच थ्रेडवर, म्हणजे एका वेळी प्रोसेसरच्या एकाच कोअरवर, एकापाठोपाठ एक होते. ३० मिलिसेकंदांत उरकले तर सर्व्हर उरलेला वेळ स्वस्थ असतो. ७० लागू लागले तर सेकंदाला जेमतेम १४ टिक होतात आणि जग संथ पडते : फोडलेला ब्लॉक परत जागेवर दिसतो, उघडलेले दार उशिरा उघडते, झोंबीला मारलेला घाव त्याला मागाहून लागतो. पिछाडी दोनेक सेकंदांच्या पुढे गेली की कन्सोलवर ‘कान्ट कीप अप’ अशी सुरुवात असलेली ओळ उमटते आणि राहिलेल्या टिक सोडून देऊन सर्व्हर पुढे जातो. एकच टिक ६० सेकंद रखडली तर मूळ सेटिंगनुसार सर्व्हर स्वतःच बंद होतो.

काम असे एकाच थ्रेडवर चालत असल्यामुळे पुष्कळ कोअर असलेल्या यंत्रापेक्षा एका कोअरचा वेग अधिक असलेले यंत्र कामी येते. सर्व्हर भाड्याने देणाऱ्यांचे दर बहुधा रॅमवर ठरतात, म्हणून नवखे चालक रॅम वाढवत राहतात. जग मावण्यापुरती रॅम असली की त्यापुढची रॅम टिकला वेग देत नाही. हौशी चालकांचा सर्वाधिक पैसा वाया जातो तो इथेच, आणि ही गोष्ट त्यांना आधी कोणीतरी सांगायला हवी.

पांगलेले व जमलेले खेळाडू : दोन सर्व्हरांवर प्रत्येकी ५० खेळाडू असले तरी भार सारखा नसतो. जग १६ × १६ ब्लॉकच्या चंकांत विभागलेले असते. दृश्य-अंतर १० चंक ठेवले तर प्रत्येक खेळाडूभोवती २१ × २१, म्हणजे ४४१ चंक हाताळावे लागतात. दूरदूर पांगलेल्या ५० जणांसाठी हा आकडा २२,०५० होतो. त्यातच नवा प्रदेश धुंडाळणारा खेळाडू सर्वांत महाग पडतो, कारण त्याच्यासाठी डोंगर, गुहा, गावे त्या क्षणी घडवावी लागतात. चालक नकाशा आधीच घडवून त्याला सीमा घालतात ते याचसाठी. उलट ५० जण एका चौकात जमले तर चंक थोडे लागतात, पण प्रत्येकाची हालचाल इतर ४९ जणांना कळवावी लागते : एका फेरीत २,४५० निरोप. शंभर जण जमले की ९,९००. माणसे दुप्पट झाली की हे काम चौपट होते. उत्सवाच्या दिवशी सर्व्हर कोलमडतात ते यामुळे. २०२१ च्या अखेरीस आलेल्या १.१८ आवृत्तीने ‘दिसणारे’ आणि ‘चालणारे’ अंतर वेगळे केले. दूरचा डोंगर दिसतो, पण तिथल्या गायी हलत नाहीत. ही तडजोड योग्यच होती.

हॉपर : वस्तू एका पेटीतून दुसरीत नेणारा हा साधा ब्लॉक चालकांच्या तक्रारींत सतत येतो. वर काही नसलेला हॉपर माथ्यावर एखादी वस्तू पडली आहे का, हे पुन्हा पुन्हा शोधत राहतो. डोक्यावर कंपोस्टर हा ब्लॉक ठेवला की हा शोध थांबतो. मोठ्या स्वयंचलित शेतांत असे शेकडो हॉपर असतात, म्हणून अनेक सर्व्हरांवर हॉपर, गावकरी व पाळीव जनावरे यांच्या संख्येवर निर्बंध असतात. वीस जणांच्या सर्व्हरला एकाच खेळाडूचे शेत खाली बसवू शकते, हे लक्षात घेतले तर खेळाडूंच्या संख्येवर क्षमता मोजण्याची पद्धत किती अपुरी आहे ते दिसते.

पर्यायी सॉफ्टवेअर : बकिट, स्पिगॉट व पेपर ही परंपरा चाहत्यांनीच उभारली. सप्टेंबर २०१४ मध्ये बकिटच्या एका योगदात्याने हक्कभंगाची तक्रार केल्याने वितरण थांबले. त्यानंतर स्पिगॉटची प्रत प्रत्येकाने आपल्या यंत्रावर बांधून घेण्याची सोय निघाली. त्या वादात न्याय कोणाच्या बाजूला होता, याबद्दल मतभेद आहेत. पेपरने चंक वाचण्याचे काम मुख्य थ्रेडबाहेर काढले. त्याच गटाच्या फोलियाने (२०२३) एकमेकांपासून दूर असलेले प्रदेश वेगवेगळ्या थ्रेडवर चालवून मूळ अडचणीलाच हात घातला. मात्र त्यासाठी किमान १६ कोअर असावेत अशी शिफारस आहे, जुने प्लगिन (सर्व्हरला जोडायचे पूरक प्रोग्राम) नव्याने जुळवावे लागतात आणि सगळे एकाच चौकात जमले तर लाभ उरत नाही.

डिसेंबर २०१० पासून जग एकदाही न पुसता चालू असलेल्या ‘टूबीटूटी’ या सर्व्हरने ऑगस्ट २०२३ मध्ये फोलिया स्वीकारले. तिथे २०१६ मध्ये यूट्यूबवरील प्रसिद्धीमुळे लोंढा आला आणि प्रवेशासाठी रांग सुरू झाली. पैसे देणाऱ्यांची रांग वेगळी असते. ती रास्त आहे की नाही, यावर एकमत नाही.

सर्व्हरांचे जाळे : बंजीकॉर्ड, व्हेलॉसिटी यांसारख्या प्रॉक्सींमागे, म्हणजे खेळाडूला हव्या त्या सर्व्हरकडे धाडणाऱ्या मध्यस्थ प्रोग्रामांमागे, अनेक सर्व्हर जोडतात. २०१३ पासून चालू असलेल्या हायपिक्सेल या जाळ्याची हजारोंची गर्दी छोट्या छोट्या खेळघरांत अशीच विभागलेली असते.

पिंग : संकेत सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ. टिकशी याचा संबंध नाही. फायबरमधून जाणाऱ्या संकेताला मुंबई ते फ्रँकफर्ट जाऊन यायला नुसत्या अंतरापोटी ६५ मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. प्रत्यक्षात १०० च्या पुढे. अॅमेझॉनचे मुंबई क्लाउड केंद्र २०१६ मध्ये सुरू झाले. पुण्या-मुंबईच्या चालकांना तिथे जवळचे यंत्र भाड्याने मिळू शकते.

इतर खेळ : ‘जीटीए फाइव्ह’साठीच्या फाइव्हएम या सर्व्हर-सॉफ्टवेअरची खेळाडू-मर्यादा आधी ३२ होती, नंतर ती कागदावर २,०४८ झाली. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’चा नॉस्टॅल्रियस हा चाहत्यांचा सर्व्हर एप्रिल २०१६ मध्ये ब्लिझर्ड या निर्मात्या कंपनीच्या कायदेशीर नोटिशीमुळे बंद झाला. चालकांनी दिलेल्या माहितीनुसार तेव्हा तिथे सुमारे ८ लाख नोंदणीकृत व दीड लाख सक्रिय खाती होती.

बेडरॉक आवृत्ती : माइनक्राफ्टच्या या दुसऱ्या आवृत्तीच्या सर्व्हरची मूळ खेळाडू-मर्यादा १०.