गुराब ते विनाशिका : उशिरा दिसण्याची कला

माझगाव गोदीत बांधलेली ‘आयएनएस मोर्मुगाओ’ 18 डिसेंबर 2022 रोजी नौदलात दाखल झाली. 163 मीटर लांबीची, 7,400 टनांची ही विनाशिका अदृश्य नसते, वृत्तपत्रे काहीही म्हणोत. तिच्या तिरप्या भिंती रडारच्या लहरी भलतीकडे परतवतात. म्हणून ती शत्रूला उशिरा आणि लहान दिसते. तेवढ्या अवधीत ब्रह्मोस सुटू शकते.

आम्हा रत्नागिरीकरांना हा डाव नवा वाटू नये. आंग्र्यांची गुराबे उथळ बुडाची. इंग्रजांची खोल बुडाची जहाजे जिथे शिरू धजत नसत, अशा खाड्यांचा त्यांना आसरा असे. वारा पडला की वल्ह्यांची गलबते गुराबांना ओढत शत्रूच्या पिछाडीला नेत. मोठ्या जहाजाच्या बहुतेक तोफा दोन्ही अंगांना. पिछाडी जवळजवळ आंधळी. गुराबांच्या नाळेवरच्या तोफा तिथून डोलकाठ्या आणि शिडे फोडत. 1735 मध्ये ‘डर्बी’ हे कंपनीचे जहाज असेच संभाजी आंग्र्यांच्या हाती लागले.

बंदरात मात्र ही कला निरुपयोगी. फेब्रुवारी 1756 मध्ये तुळाजी आंग्र्यांचे आरमार विजयदुर्गाखाली (तो 1981 पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होता) एकमेकांना बांधून उभे होते. समोर वॉटसनचा ताफा, आणि जमिनीवर इंग्रजांच्या बाजूने पेशव्यांची फौज! पेशव्यांचा हा हिशेब मला आजही पटत नाही. एक गोळा ‘रिस्टोरेशन’वर पडला. हे जहाज तुळाजींनी इंग्रजांकडूनच जिंकलेले. त्याची आग गुराबागुराबांतून पसरत गेली आणि सगळे आरमार जळाले.