घाट, काजळी आणि पंचवीस थाऊ

अनमोड घाटातून बेळगावला जाणाऱ्या जुन्या गोवेकरांना एक अनुभव हमखास आठवत असेल. फोंड्यापर्यंत गाणं म्हणत आलेली फियाट घाट चढून रामनगरला पोचेपर्यंत खोकायला लागायची. लोंढा, खानापूर करत ती कशीबशी बेळगावात शिरायची आणि वडील आधी गॅरेज शोधायचे, मग खानावळ. मिस्त्री बॉनेट उघडायच्या आधी नंबरप्लेट बघायचा. "गोव्याची न्हवं ओ? मग प्लग काळंच असणार की!"

लहानपणी मला ही जादू वाटायची. तिच्यामागचं कारण पुष्कळ उशिरा कळलं.

स्पार्क प्लग म्हणजे चिनी मातीच्या दांड्यातून गेलेली तार आणि तिच्यासमोर वाकवलेलं लोखंडी नाक. दोघांमध्ये किंचित फट. कॉइलमधून आलेला दहा-पंधरा हजार व्होल्टचा दाब ती फट उडी मारून ओलांडतो, ठिणगी पडते आणि पेट्रोल पेटतं. १८६० साली लेन्वारने पॅरिसमध्ये आपलं गॅसचं इंजिन ठिणगीनेच पेटवलं होतं. पण मोटारीला भरवशाचा प्लग मिळाला तो १९०२ मध्ये, श्टुटगार्टच्या बॉश कारखान्यात होनोल्ड या इंजिनिअरने उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार केला तेव्हा. त्याच बॉशच्या सहकार्याने १९५१ मध्ये बंगळूरला 'मायको' सुरू झाली, आणि पुढे आपल्याकडच्या गॅरेजांत प्लग म्हटलं की मायको हे समीकरण बनलं.

आता त्या फटीचं गणित. अँबॅसेडरच्या इंजिनाला ही गॅप इंचाचे पंचवीस हजारांश भाग लागायची, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत पंचवीस थाऊ, साधारण ०.६४ मिलिमीटर. फट कमी असेल तर ठिणगी दुबळी पडते आणि गाडी उभ्या जागी थरथरते. जास्त असेल तर चढावर, इंजिनावर भार आला की ठिणगी उडीच मारत नाही. शिवाय ही फट एकदा लावून राहत नाही. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर प्रत्येक प्लग त्या मिनिटात पंधराशे वेळा पेटतो आणि दरवेळी धातूचा कण झिजतो. म्हणून काही हजार किलोमीटरांनी प्लग काढून बघणं आलंच.

मोजायला फिलर गेज असायचा, पाती असलेला. तो नसला तर हेक्सा ब्लेडचं पातं. साध्या हेक्सा ब्लेडची जाडी जवळजवळ पंचवीस थाऊच असते! सुतार-गवंड्यांचं माप सुतात, मोटार मिस्त्रींचं थाऊत. एका सुतात सव्वाशे थाऊ बसतात, यावरून कामातला फरक लक्षात यावा.

पद्धत ठरलेली. इंजिन गार होऊ द्यायचं, तारांचा क्रम लक्षात ठेवायचा, प्लगच्या बुडाची धूळ फुंकायची आणि मगच प्लग पाना लावायचा. तारेच्या ब्रशने काजळी काढायची. गॅप कमी करायची तर बाहेरचं नाक हलकेच ठोकायचं. मधल्या तारेला हात लावायचा नाही, आतली चिनी माती तडकते. पातं किंचित अडखळत सरकलं की गॅप बरोबर. बसवताना पहिले आटे हातानेच.

पण खरी विद्या ठोकण्यात नसून वाचण्यात होती. प्लगचं टोक तपकिरी असलं तर इंजिन निरोगी. तेलकट काळं असलं तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या. पांढरंफटक असलं तर इंजिन तापतंय. आणि कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी.

गोव्याच्या गाडीचं गुपित इथेच आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंच. तिथली हवा पणजीच्या हवेपेक्षा सहा-सात टक्के विरळ. कार्बोरेटर मात्र किनाऱ्यावरच्या दाट हवेला जुळवलेला. त्याला घाट चढल्याचं कळत नाही, तो पेट्रोल पाजतच राहतो. त्यात पहिल्या-दुसऱ्या गिअरमधली लांब चढण, पावसाळ्यात ओल्या झालेल्या तारा. काजळीतून वीज वाहते, त्यामुळे फट ओलांडण्याऐवजी ती चिनी मातीवरूनच निसटते. आधीच वाढलेली गॅप सपाटीवर कशीबशी निभते, घाटात उघडी पडते. मिस्त्रीने नंबरप्लेटवरून ओळखलं ते हे. त्याने हवेची घनता मोजली नव्हती, घाट चढून आलेले प्लग बघितले होते.

या गावाचं यंत्रांशी नातं जुनं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये भावासह इथेच सायकलचं दुकान काढलं, पुढे लोखंडी नांगर केले. नगरपालिकेला जागा हवी झाली म्हणून १९१० मध्ये त्यांना गाव सोडावं लागलं. औंधच्या पंतप्रतिनिधींनी जागा दिली आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. बेळगावात किर्लोस्कर रोड मात्र राहिला.

१९५६ मध्ये मुंबई राज्यातला हा मुलूख म्हैसूर राज्यात गेला. १९६७ मध्ये महाजन आयोगाने निपाणी, खानापूर महाराष्ट्राला आणि बेळगाव म्हैसूरला असं सुचवलं. प्रत्यक्षात काहीच हललं नाही. निपाणीच्या देवचंद कॉलेजची इमारत तर अर्जुननगरात, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात आहे. पाट्यांवरून इथे भांडणं झाली, गॅरेजातले शब्द मात्र दोन्ही भाषांत तेच राहिले: प्लग, पॉइंट, गॅप.

२००० च्या आसपास नव्या गाड्यांतून कार्बोरेटर गेले. आता संगणक हवा मोजतो आणि घाटात आपणहून पेट्रोल कमी करतो. इरिडियमचे प्लग गॅप लावूनच येतात. त्यांच्या बारीक टोकाला हात लावू नये असंच सांगतात. गाड्या खोकत नाहीत, हे चांगलंच झालं. त्या खोकल्याचा मला काही उमाळा नाही.

पण काळ्या प्लगकडे बघून "घाट चढून आलासा" म्हणणारा माणूस आता गॅरेजात क्वचितच भेटतो. त्याने हे कुठे लिहून ठेवलं नाही, आणि आपणही विचारलं नाही. तुमच्या गावात असा एखादा म्हातारा मिस्त्री अजून असेल, तर गाडी बिघडायची वाट न बघता एकदा त्याच्याकडे बसून या.