पेंढा न भरलेला वाघ आणि बिननावाचा मासा

आजचा भाग एका माशाचा आहे, पण त्याच्यापर्यंत पोचायला आधी वाघाकडून जावं लागेल.

आपण सर्रास म्हणतो, "पेंढा भरलेला वाघ." लहानपणी मला वाटायचं, गादीत कापूस कोंबतात तसा आत खरोखरचा पेंढा असणार. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांच्या कारखान्याबद्दल वाचलं आणि हा समज गेला. युजीन व्हॅन इंगेन या डच वंशाच्या माणसाने १९०० च्या सुमारास हा धंदा उभा केला. त्याच्या मुलांची नावं ऐका: डी वेट, बोथा, जूबेर. दक्षिण आफ्रिकेत इंग्रजांशी लढलेल्या बोअर सेनापतींची ही नावं! आणि गिऱ्हाईक कोण, तर इंग्रज साहेब आणि आपले संस्थानिक. गंमतच आहे.

काम कसं चालायचं? शिकारी जंगलातच कातडं सोलून, मीठ लावून म्हैसूरला पाठवायचा. कारखान्यात ते कमावलं जायचं, कीड लागू नये म्हणून आर्सेनिक लावलं जायचं. मग मापाप्रमाणे साचा निवडायचा. साच्यात कागदाचा लगदा थरावर थर देऊन पोकळ, हलकं शरीर बनवायचं, त्यावर कातडं ताणून बसवायचं आणि शेवटी काचेचे डोळे. पेंढा कुठेच नाही. आणि साचे ठरलेले म्हटल्यावर मुद्राही ठरलेली. आ वासलेला, दात विचकणारा तो वाघ आपल्या डोक्यात इतका पक्का बसलाय, पण जंगलात वाघ बहुतेक वेळ तोंड मिटून चालतो किंवा झोपलेला असतो. कितीतरी दिवाणखान्यांतला तो राग मेल्यानंतर म्हैसूरमध्ये चढवलेला आहे.

या कारखान्यातून ४० हजारांहून जास्त वाघ-बिबटे बाहेर पडले. प्रत्येकाचा नंबर, प्रत्येकाची नोंद. १९७२ मध्ये देशातल्या वाघांची मोजणी झाली तेव्हा आकडा निघाला १,८२७. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा आला, काम आटत गेलं आणि १९९९ मध्ये कारखाना बंद झाला.

आता मासा. थोरला डी वेट गळाचा भारी शौकीन. १९४६ मध्ये त्याने म्हैसूरजवळच्या कबिनी नदीत एक महसीर काढला. वजन १२० पौंड, म्हणजे साधारण ५४ किलो. गळाला लागलेल्या महसीराचा हा विक्रम आजही सांगितला जातो. पाठीवर उंचवटा, परांवर नारिंगी झाक. कबिनी ही कावेरीची उपनदी, आणि हा जगात फक्त कावेरीच्या खोऱ्यातला मासा.

मासा टिकवणं वाघापेक्षा अवघड. वाघाचे पट्टे केसांत असतात, ते राहतात. माशाचा रंग मेल्यावर उतरायला लागतो आणि कातडी वाळली की जवळपास जातोच. भिंतीवरच्या माशाचा जो रंग आपण बघतो, तो कारागिराने ब्रशने परत दिलेला असतो. म्हणजे तो रंग कारागिराच्या आठवणीतला.

पण मला सगळ्यात जास्त चक्रावून टाकलं ते वेगळ्याच गोष्टीने. या एवढ्या नावाजलेल्या माशाला धड शास्त्रीय नावच नव्हतं! आणि इथे आपला संबंध येतो. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची वर्णनं छापली. नावं देताना त्याने इथल्या लोकांच्या तोंडचे शब्द घेतले: 'खुद्री', 'मुसुल्ला'. त्यातलं मुसुल्ला पुढे कावेरीच्या या माशाला चिकटवलं गेलं. २०१३ मध्ये अभ्यासकांनी दाखवून दिलं की साइक्सचा मुसुल्ला मुळात महसीरच नव्हे. झालं, उसनं नावही गेलं.

दुसरं नाव, खुद्री, म्हणजे निळ्या परांचा महसीर. हा कृष्णेच्या खोऱ्यातला, पुण्याकडच्या नद्यांमधला. धरणं, सुरुंग लावून केलेली मासेमारी यामुळे महसीर संपत चालले होते, तेव्हा १९७० च्या दशकात लोणावळ्याला टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी खुद्रीची पैदास करून दाखवली. फार मोलाचं काम. तिथली बोटुकली राज्याबाहेरही गेली आणि कावेरीत सोडली गेली.

तिथे ती रुजली, अगदी जोमात. कावेरीकाठच्या कॅम्पमध्ये हौशी मंडळी मासा पकडून, वजन करून परत सोडायची आणि वहीत लिहायची. १९९८ ते २०१२ च्या या नोंदी संशोधकांनी तपासल्या. निळ्या परांचे मासे वाढत गेलेले, पाठीवर उंचवटा असलेले कमी होत जवळजवळ दिसेनासे झालेले. दोष कुलकर्णींना द्यावा असं मला वाटत नाही. तेव्हा महसीर वाचवायचा होता, आणि त्यातला कुठला महसीर कुठल्या नदीचा हा प्रश्न फारसा कोणी विचारत नव्हतं. पण मासे सोडताना कावेरीच्या माशाला स्वतःचं नाव असतं, तर कोणीतरी थांबून विचारलं असतं का? मला वाटतं, शक्यता होती.

शेवटी संशोधकांना मोयार नदीत जिवंत मासे मिळाले. डीएनए जुळवला तेव्हा कळलं, आधीच केरळच्या पांबार नदीतल्या लहान माशांवरून 'टॉर रेमादेवी' ही जात नोंदवली होती, तोच हा. प्राणिशास्त्रज्ञ डॉ. के. रेमा देवी यांच्यावरून ठेवलेलं नाव. हे जाहीर झालं २०१८ मध्ये, डी वेटच्या माशानंतर ७२ वर्षांनी. आणि त्याच वर्षी तो जागतिक लाल यादीत गेला. शेरा: अतिसंकटग्रस्त.