इंग्रजी निघाली ना?

बारावीचा निकाल लागला की नागपुरात ओळखीचं कुणीही भेटो, टक्क्यांच्या आधी एक प्रश्न येतो: "इंग्रजी निघाली ना?" आपल्याकडे विषय 'निघतो', नाही तर 'राहतो'. कला, वाणिज्य, विज्ञान, शाखा कोणतीही घ्या, इंग्रजी सुटत नाही आणि फेब्रुवारीतल्या बोर्डाच्या परीक्षेत पहिला पेपरही तिचाच असतो. यंदा बारावीत गेलेल्या मुलांनी मला विचारलं, की या तासाला काय असतं, तर धड्यांची यादी देण्याआधी मी त्यांना या तासाचं कूळ सांगेन. नागपुरात ते बरंच मागे जातं.

स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने इथे शाळा काढली ती 1846 साली. गादीवर तेव्हा तिसरे रघुजी भोसले होते. 1853 मध्ये ते वारले आणि दुसऱ्याच वर्षी इंग्रजांनी राज्य खालसा केलं. त्याच 1854 साली चार्ल्स वूडचा शिक्षणविषयक खलिता विलायतेहून निघाला आणि त्यातून 1857 मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथे विद्यापीठं उभी राहिली. नागपूर कलकत्त्याच्या पदराला बांधलं गेलं. विद्यापीठात शिरायचं तर प्रवेशपरीक्षा द्यायची, आणि ती इंग्रजीशिवाय देता येत नव्हती. विषय निघण्या-राहण्याची धास्ती तिथली आहे. इंग्रजी ज्ञानाचा एक विषय होण्याआधीच दार झाली होती.

आजच्या बारावीचा खरा पूर्वज मात्र या प्रवेशपरीक्षेच्या, म्हणजे मॅट्रिकच्या, पुढची पायरी. मॅट्रिकनंतर दोन वर्षांनी 'एफ. ए.' नावाची परीक्षा असे. 1883 मध्ये हिस्लॉप कॉलेज आणि 1885 मध्ये मॉरिस कॉलेज सुरू झालं, तेव्हा नागपूरची मुलं तिलाच बसू लागली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एफ. ए.चं नाव 'इंटरमीजिएट' झालं आणि लोकांच्या तोंडी 'इंटर' रुळलं. पेपर काढणारं गावही बदलत गेलं. आधी कलकत्ता, मग अलाहाबाद आणि 1923 मध्ये नागपूर विद्यापीठ स्थापन झाल्यावर खुद्द नागपूर. आता राज्य मंडळाचं मुख्यालय पुण्यात आहे. विभागीय मंडळ नागपुरात असून नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे सहा जिल्हे त्याच्याकडे येतात. मॉरिस कॉलेजाचं नावही बदललं, आता ते वसंतराव नाईक शासकीय संस्था म्हणून ओळखलं जातं.

इंटरची दोन वर्षं शाळेची की कॉलेजची, हा वाद बराच जुना. कलकत्ता विद्यापीठासाठी नेमलेल्या सॅडलर आयोगाने 1919 मध्येच सांगितलं होतं, की विद्यापीठ इंटरनंतर सुरू व्हावं आणि ही दोन वर्षं त्याच्या बाहेर असावीत. त्यावर पुरा अंमल व्हायला अर्धशतक लोटलं. कोठारी आयोगाने (1964 ते 66) दहा, दोन आणि तीन वर्षांची घडी सुचवली. महाराष्ट्राने ती 1972 मध्ये स्वीकारली. नव्या दहावीची पहिली परीक्षा 1975 मध्ये झाली आणि बारावीची 1977 मध्ये. पण आपल्याकडे ही दोन वर्षं शाळांना जोडली तशी महाविद्यालयांनाही जोडली. म्हणून शब्द आला 'ज्युनिअर कॉलेज'. सोळा-सतरा वर्षांचं पोट्टं गणवेशातून एकदम सुटतं आणि जिथे कधी काळी एफ. ए.चे विद्यार्थी बसले, त्याच आवारात इंग्रजीच्या तासाला जाऊन बसतं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

आता तासाकडे. लेखी पेपर 80 गुणांचा, उरलेले 20 तोंडी आणि अंतर्गत परीक्षेचे. त्या 80 पैकी 34 गद्याचे, 14 कवितेचे, 16 लेखनकौशल्याचे आणि 16 कादंबरीचे. या सगळ्यात सर्वात जुनं काही असेल तर तो उतारा आणि त्याचा सारांश. जुने इंटरवाले त्याला 'प्रेसी' म्हणत. मोठा मजकूर एक तृतीयांशात बसवायचा. याचं मूळ साहित्यात नाही, ब्रिटिश सरकारी कचेरीत आहे. साहेबापुढे पत्रव्यवहाराचा गठ्ठा ठेवण्याआधी कारकुनाने त्यातला अर्थ थोडक्यात काढून द्यायचा, आणि ते येतं की नाही हे नोकरीच्या परीक्षेत पाहिलं जायचं. कारकून घडवण्यासाठी आलेली ही रीत, तरीही बारावीच्या तासात सगळ्यात उपयोगी मी हीच मानतो. दुसऱ्याचं म्हणणं आपल्या शब्दांत आणताना ते मोडू न देणं कुठल्याच गाईडमध्ये तयार मिळत नाही. सारांशासाठी येणाऱ्या मजकुराला मराठीने दिलेला 'उतारा' हा शब्दही किती भरलेला आहे बघा. सातबाराचा उतारा म्हणजे नक्कल, विषावरचा उतारा म्हणजे औषध, आणि दृष्ट काढून तिठ्यावर ठेवतात तोही उताराच.

सारांशाशेजारी आता नवी दारं आली आहेत. परदेशी किंवा मोठ्या संस्थेत प्रवेश मागताना 'मी इथे का येऊ इच्छितो' हे लिहून द्यावं लागतं, ते आता शिकवतात. गटचर्चा आणि मुलाखतही शिकवतात. प्रवेशपरीक्षेचा वंश असा अजून वाढतो आहे.

पुस्तकाचं नाव 'युवकभारती', बालभारती आणि कुमारभारतीचं थोरलं भावंड. 2020 मध्ये आलेलं युवकभारती उघडलं तर कूळ किती बदललं ते दिसतं. एफ. ए.च्या मुलापुढे इंग्लंडच होतं. आता बायरन आणि साउदी आहेत, तसे आर. के. नारायण, सरोजिनी नायडू, अरुणाचलच्या मामांग दाई आणि अच्युत गोडबोलेही आहेत. तुकारामांना इंग्रजीत नेणाऱ्या दिलीप चित्र्यांची लोकलने उशिरा घरी परतणाऱ्या वडिलांवरची कविता आहे. ती वाचताना मुलांनी आपले वडील कामावरून घरात कसे शिरतात ते एकदा नीट बघावं, मग अर्थ विचारावा लागणार नाही. आणि किरण पुरंदऱ्यांचा पाठ आपल्या नागझिऱ्याच्या जंगलावर आहे. कादंबऱ्यांतली एक ब्रेथवेटची, लंडनच्या गरीब वस्तीतल्या कृष्णवर्णीय मास्तराची.

नागपुरात इंग्रजी शिकवणाऱ्या महेश एलकुंचवारांनी 'वाडा चिरेबंदी' हे नाटक लिहिलं ते मराठीत. दोन्ही भाषा एका माणसात राहू शकतात, हे सांगायला मला याहून जवळचं उदाहरण सुचत नाही.

पण माझं मन अडकतं ते गडचिरोलीच्या मुलापाशी. घरी गोंडी किंवा माडिया, शाळेत मराठी, बाजारात हिंदी आणि मग ही इंग्रजी. हिस्लॉप शाळा चालवता चालवता गोंडांच्या गावांतही हिंडत असे. एका परधानाच्या, म्हणजे गोंडांच्या भाटाच्या, तोंडून त्याने लिंगो या त्यांच्या पुराणपुरुषाचं गीत ऐकलं आणि गोंडीतच उतरवून घेतलं. 1863 मध्ये तो टाकळघाटजवळ बुडून वारला. पुढे 1866 मध्ये रिचर्ड टेंपलने त्याचे कागद छापले तेव्हा ते गीत त्यांत निघालं. नागपुरात इंग्रजीची शाळा काढणारा माणूस स्वतः गोंडीचा उतारा करत बसला होता. नागझिऱ्याचा पाठ शिकवताना मास्तरांनी त्या मुलाला आधी त्याच्या भाषेतले झाडांचे आणि पाखरांचे शब्द विचारावेत. फळ्याच्या एका बाजूला ते लिहावेत, दुसऱ्या बाजूला इंग्रजी, आणि सारांश त्यानंतर सुरू करावा.